वाऱ्याची गाठ

म्हादू, आधी एक दुरुस्ती. तू गाठीने गेला नाहीस.

जन्मभर वर्तमानपत्राच्या टेबलावर बसलेल्या माणसाला चुकीची बातमी फिरताना दिसली की स्वस्थ बसवत नाही. तुझं तेरावं व्हायच्या आतच ही फिरायला लागली. मुरुडच्या एसटी स्टँडवर आपल्या ओळखीच्या एकाने मला थांबवलं आणि विचारलं की सनईवाला म्हादू गालाच्या गाठीनेच गेला ना, मुंबईला नेऊन चिरलं तिथेच चुकलं. मी त्याला सांगितलं की गाठ काढली त्याला बरीच वर्षं झाली, ती परत आली नाही, आणि तू गेलास तो हृदय बंद पडून, दुपारी जेवून पडवीत आडवा झालेला असताना. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तेच ते. गाठ छातीत उतरली असणार."

तू असतास तर या वाक्यावर खोकला येईपर्यंत हसला असतास. मला हसू आलं नाही, कारण ते ऐकायला आणखी दोघं उभे होते. त्यातल्या एकाच्या गळ्याशी काही असेल, तर तो आता डॉक्टरकडे जाणार नाही. म्हणून हे लिहितो आहे. तुझ्याशी बोलल्यासारखं लिहितो, कारण या विषयावर आपलं बोलणं अर्धं राहिलं आहे.

ती गाठ आली कधी, यावरच आपलं एकमत झालं नाही. तू म्हणायचास दोन-तीन वर्षं, मी म्हणायचो त्याहून जास्त. जागा मात्र पक्की होती. डाव्या कानाच्या पाळीखाली, जबडा जिथे वळतो तिथे. आधी सुपारीएवढी होती. बोटाने ढकलली की थोडी सरकायची. दुखायची नाही. आणि ती कोणाच्या डोळ्यांवर न येण्याचं कारण असं की ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि तिला नावही मिळालेलं होतं.

बाहेरच्या वाचकासाठी इथे थोडं थांबावं लागेल. आपल्याकडे लग्नाला आणि शिमग्याच्या पालखीला खालूबाजा लागतो: सनई, तिच्या साथीला सूर, आणि ढोल, टिमकी, झांज. सूर हे वाद्य सनईसारखंच दिसतं, पण त्यातून एकच स्वर धरायचा आणि शेवटपर्यंत सोडायचा नाही. आपण तिघं शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी अलिबागला वर्तमानपत्रात गेलो, तू सनईवर बसलास आणि गणू तुझ्या शेजारी सूर घेऊन बसला. आवाज तुटू नये म्हणून तुम्ही गालात वारा साठवून ठेवायचात आणि नाकाने श्वास घ्यायचात. दिवसभर असं वाजवलं की कधीकधी कानापुढचा भाग फुगायचा आणि सकाळपर्यंत बसायचा. त्याला तुम्ही लोक वाऱ्याची गाठ म्हणता. तुझ्या वडिलांना ती यायची. गणूलाही यायची.

तुझी आली आणि गेलीच नाही. तेव्हा ही वेगळी आहे, असं बाजातल्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही. उलट तो तुझा मोठेपणा ठरला. गणूच सगळ्यांना सांगायचा, "माझा वारा उतरतो, ह्याचा मुरतो. म्हणून तो सनईवर आणि मी सुरावर."

मग लोकांनी त्यात भर घातली. आपल्या भाषेत लग्नाचीही गाठच असते. गाठवाल्याने वाजवलं तर लग्नाची गाठ सुटत नाही, असं कुणीतरी हळदीत बोलून गेलं आणि ते पसरलं. रोह्यापासून श्रीवर्धनपर्यंत यजमान तुझं नाव न घेता मागणी करायला लागले: तो गाठीचा सनईवाला पाहिजे. एका मांडवात नवरीच्या आजीने तुझ्या गालाला हात लावून बोटं स्वतःच्या कपाळाला टेकवली होती, आणि तू तिला सोपं जावं म्हणून मान खाली केली होतीस. ते मी पाहिलं आहे.

मी वर्तमानपत्राचं आरोग्याचं पान बघत होतो. त्यामुळे मला थोडं ठाऊक होतं, आणि थोडं ठाऊक असलेला माणूस जसा कटकट करतो तशी मी करत होतो. तुझं उत्तर ठरलेलं होतं. दुखतंय काय? न्हाय. मग? मी सांगायचो की दुखत नाही हा पुरावा नव्हे. घसा किंवा दाढ सुजली की गळ्यात जी गाठ येते ती दुखते, आणि दुखणं गेलं की तीही जाते. न दुखता महिनोन् महिने बसून राहते तिच्याकडे जास्त बघायला हवं. तुझं म्हणणं, हे सगळं माझ्या पेपरातलं. तू मला नावानं हाक मारायचं कधीच सोडून दिलं होतंस. मी तुझ्या लेखी पेपरच होतो.

एकदा मी ट्यूमर हा शब्द वापरला आणि तू चिडलास. तुला तो शब्द म्हणजे कॅन्सरच वाटला. मी समजावलं की ट्यूमर म्हणजे नुसती गाठ. काही साध्या असतात, काही वाईट, आणि वरून बघून कुणालाच सांगता येत नाही. तू म्हणालास, "मग गाठच म्हण की रं. तीच वस्तू इंग्रजीत भ्या दाखवते, ती कशाला?" माझा मुद्दा असा होता की आपल्या शब्दात फार गोष्टी बांधलेल्या आहेत. दोरीची गाठ, पदराची गाठ, लग्नाची गाठ, माणसाशी पडणारी गाठ. एवढ्या ओळखीच्या शब्दाला कोणी घाबरत नाही, आणि इथे थोडं घाबरणं बरं. तुझा मुद्दा असा होता की घाबरलेला माणूस डॉक्टरकडे जात नाही, घरात बसतो. हा वाद मिटला नाही. आज मला तुझं म्हणणं अर्धं पटतं. उरलेल्या अर्ध्यासाठी तू हवा होतास.

शेवटी जे लक्षात आलं ते सुमन वहिनींच्या. तुझ्या डोक्याला तेल लावताना त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचा कान वर चाललाय." मी मागून पाहिलं. तुझी डावी पाळी उजवीपेक्षा वर उचललेली होती. खालची गाठ आता आवळ्याएवढी झाली होती आणि ती कानाला ढकलत होती. इतकी वर्षं मी तुझ्याशी समोरून वाद घातला होता.

अलिबागच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. मांडव्याहून बोटीने गेलो. लग्नाचा हंगाम होता आणि हंगामात सनई घरी ठेवून तू कुठे जात नव्हतास, म्हणून तिची पिशवी तू सोबत घेतली होतीस आणि ती मांडीवरून खाली ठेवत नव्हतास.

रुग्णालयातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी तुझ्या तोंडात बोट घालून आतून गाल चाचपला, जिभेखाली बघितलं, गळा दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला. तंबाखू खाता का, हे दोनदा विचारलं. मग डोळे घट्ट मिटा, दात दाखवा, शीळ घाला, गाल फुगवा, असं एकेक करायला लावलं. गाल फुगवण्यावर तू म्हणालास की तेच तर काम आपलं, आणि हा वारा आहे, आमच्यात सगळ्यांना येतो. बाईंना हे नवीन होतं. त्यांनी वाजवता का म्हणून विचारलं आणि तू पिशवी सोडलीस.

बाहेर रांगेत बसलेले लोक दाराशी जमले. आतल्या नर्सने एकदा बाईंकडे पाहिलं आणि दार उघडंच राहू दिलं. तू लग्नातली वरातीची चाल वाजवलीस, भरपूर वेळ, तुझी पद्धत दाखवत. थांबलास तेव्हा दोन्ही गाल ताठ झाले होते. बाईंनी तुझाच उजवा हात धरून उजव्या कानापुढे ठेवला आणि हळूहळू दाबायला सांगितलं. फुगलेलं होतं ते बोटाखाली चुरचुरलं आणि बसलं. मग त्यांनी तुझा दुसरा हात डाव्या बाजूला ठेवला.

"वारा उतरला, काका," त्या म्हणाल्या. "ही उतरली का?"

तू बराच वेळ दाबत राहिलास. मग माझ्याकडे बघून म्हणालास, "न्हाय."

बाईंनी सांगितलं ते मी बातमीसारखं लक्षात ठेवलं. डोक्यात आणि मानेत गाठी नाना प्रकारच्या येतात. जंतूंमुळे सुजलेल्या असतात त्या काही दिवसांत ओसरतात. गळ्याच्या मध्यावरची, गिळताना वर-खाली होणारी, ती थायरॉइडची. काही जन्मापासूनच असतात आणि मोठेपणी दिसतात. तोंडातल्या जखमेमागून मानेत येणारी फार लवकर दाखवावी. आणि तुझ्या जागी असते ती लाळेची ग्रंथी. कोणतीही गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर ती कशाची हे अंदाजाने ठरवायचं नाही, तपासून ठरवायचं. तुझी भीती सुईची होती. सुई टोचली की गाठ खवळते, असं तू ऐकलं होतंस. बाई म्हणाल्या की ती बारीक सुई असते, तिने फक्त थोड्या पेशी घ्यायच्या, आणि खवळण्याचं म्हणाल तर वाईट गाठ सुईशिवायही खवळते.

दुपारपर्यंत निकाल आला, सुईत साधी निघाली. तुझा चेहरा फुलला आणि पुढचा वाद सुरू झाला, या वेळी बाईंशी. साधी हाय तर राहू द्या. त्या म्हणाल्या की आज साधी आहे, पण ती वाढणार, आणि अशातल्या काही पुढे आपला स्वभाव बदलतात. शिवाय जितकी मोठी होईल तितकी काढायला अवघड, कारण चेहऱ्याची नस याच ग्रंथीतून जाते आणि आत पंख्यासारखी पसरते. डोळा मिटणं, हसणं, गाल फुगवणं, सगळं त्या नसेवर.

तुला एवढंच ऐकू आलं. तू विचारलंस, "वाजवता यील काय?"

बाईंनी खोटं सांगितलं नाही. नस वाचवण्याचा पूर्ण प्रयत्न करीन, त्या म्हणाल्या. काही आठवडे, कदाचित काही महिने, ओठ लुळा राहील. बहुतेकांचा परत येतो. पण तुमचा येईलच, असं लिहून देता येणार नाही.

परतीच्या बोटीवर लोक कुरकुरे फेकत होते आणि पाणपक्षी मागे लागले होते. तू रेलिंगला पाठ लावून बसला होतास. तिथूनच म्हणालास की लिहून द्यायला काय झालं असतं तिला. मी म्हटलं, लिहून दिलं असतं तर मी तुला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं असतं. मांडव्याला उतरताना तू पिशवी माझ्या हातात दिलीस. तू होकार दिलास तो तेव्हा, असं मी धरतो.

आषाढात लग्नं नसतात. तेव्हा शस्त्रक्रिया झाली. गाठ अखंड निघाली आणि पुढच्या तपासणीतही साधीच ठरली. डोळा नीट मिटत होता. डावा ओठ मात्र खाली आला होता आणि चहा त्या कोपऱ्यातून गळायचा. वहिनी हातात फडकं घेऊन समोर बसायच्या. म्हणाल्या, ह्यांचं हसणं आता अर्धंच राहिलं, खोटं होतं तेवढं गेलं. कानाची पाळी बधिर झाली होती. दाढी करताना तू ती कापलीस आणि रक्त मला आधी दिसलं. पुढे आणखी एक गंमत सुरू झाली: आंबट खाल्लं की डाव्या गालावर घाम यायचा. बाईंनी सांगितलं की नसांचे बारीक धागे जुळताना कधीकधी असं होतं, काळजीचं नाही. तू कैरी खायचास आणि गाल पुसत म्हणायचास, बघ, हा वेगळा जेवतोय.

त्या वर्षी गणपतीला बाजा तुझ्याविना गेला. सनई गणूने घेतली, सूर कोणीतरी पाहुणा आणून भागवला. दिवाळीनंतर यजमान घरी यायला लागले, ते तुझा गाल बघायचे आणि पडल्या चेहऱ्याने चहा प्यायचे. गाठ गेली म्हणजे आता लग्नाचं कसं, असं एकाने तोंडावर विचारलं. "गाठ तुमची तुम्ही मारा," तू वाकड्या ओठाने म्हणालास. "आम्ही निस्तं वाजवतो." मागण्या थोड्या कमी झाल्या. तू त्याचं दुःख केलं नाहीस.

तू सकाळी आरशासमोर बसून गाल फुगवायचास, शीळ घालायचास, ओठ ओढून सोडायचास. वहिनींच्या मते माकडही एवढं करत नाही. होळी जवळ आली तेव्हा ओठ जवळपास जागेवर आला होता. आम्ही सगळे शिमग्याची वाट बघत होतो. पालखी निघण्याआधी तू देवळासमोर गणूच्या हातातला सूर घेतलास आणि सनई त्याच्या हातात तशीच राहू दिलीस. ओठातनं वारा निसटतो, सनई आता तू वाजव, मी सूर धरतो, एवढंच बोललास. गणूने तुझ्याकडे पाहिलं आणि सनई तोंडाला लावली. पालखी गावातून फिरली. मी बाजूने चालत होतो आणि मला वाटत होतं की तू जगलास, पण तुझं वाजवणं गेलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी तुझ्याकडून सगळे प्रकार करून घेतले आणि नस पूर्ण परत आल्याचं सांगितलं. बोटीवर मी विचारलं की आता सनई कधी घेतोस. तू म्हणालास, बाईला चेहरा दिसतो, वारा दिसत न्हाय. मला ते पटलं. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. तू दरवर्षी सूर धरत राहिलास. मी तुझ्या चेहऱ्यावर हळहळ शोधायचो आणि ती सापडायची नाही, याचं मला कोडं होतं.

तुझं नाव घालून हे सगळं छापू दे, असं मी तुला किती वेळा म्हटलं. तू नाही म्हणायचास. लोक सनईला बोलावतात, आजाराला न्हाय. पण बाजात तू एक पद्धत पाडलीस. हंगाम संपला की प्रत्येकाने आपापला आणि घरच्यांचा गाल आणि गळा चाचपायचा आणि उतरली का ते सांगायचं. त्यातून ढोलवाल्याच्या बायकोची गळ्यातली गाठ कळली आणि वेळेवर दाखवली गेली. ती आज औषधावर आहे आणि ठणठणीत आहे. ही बातमी माझ्या एकाही अंकात आली नाही. आता वहिनींनी सांगितलं, लिहा भाऊजी, ह्यांना आता कोणाच्या लग्नाला जायचं न्हाय. म्हणून नाव घातलं आहे.

तेराव्यानंतर माणसं पांगली. गणू आणि मी पडवीत बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो की म्हादूचा ओठ पुरता बरा झाला नाही, एवढी एक गोष्ट राहिली.

गणूने विचारलं, हे कोणी सांगितलं. मी म्हटलं, त्यानेच.  गणू शिकवल्यासारखं नाही, सहज सांगावं तसं सांगायला लागला. सनईला मधे जागा असते. चाल थांबते, वळते, दम कमी पडला तर ढोल सांभाळून घेतो. सुराला जागा नाही. ओठातून केसाएवढा वारा गेला तरी सूर हलतो आणि पहिल्यांदा सनईवाल्याला कळतो.

"त्याचा हलला न्हाय," गणू म्हणाला. "पालखी गाव फिरून देवळात परत येईस्तवर एकदा न्हाय."

मी विचारलं की म्हणजे त्याचा ओठ बरा झालाय हे तुला तेव्हापासून ठाऊक होतं. गणू म्हणाला, व्हय, पहिल्या वळणालाच. मग इतक्या वर्षांत त्याला बोलला का नाहीस, असं मी विचारलं.

"बोललो असतो तर त्यानं लाजून सनई परत घेतली असती," तो म्हणाला. "आन् मला ती सोडायची नव्हती."